नात कर्लिंग खेळते. थर्डवरून 'लीड' म्हणजे खाली ढकललं का?

निवृत्त_रोखपाल
६ एप्रिल, सकाळी ९:१२

मंडळी, विभाग क्रीडेचा असला तरी प्रश्न घरगुती आहे. चुकीच्या जागी टाकला असेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

धाकटे चिरंजीव बावीस वर्षं कॅनडात, एडमंटनला. त्यांची कन्या, घरातलं नाव चिऊ, वय एकोणीस. अकराव्या वर्षापासून कर्लिंग खेळते. मुलाने फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या हिला वाटलं पोरगी केस कुरळे करायच्या क्लासला जाते, आणि "एवढ्याशा वयात कशाला ही थेरं" म्हणून सुनेला ऐकवूनही झालं. मग व्हिडिओ आला. बर्फाची लांबच लांब पट्टी, टोकाला रांगोळीसारखी वर्तुळं, एक मुलगी मूठ लावलेला दगड सोडतेय आणि दोघी त्या दगडापुढे जिवाच्या आकांताने बर्फ घासतायत.

गेल्या नाताळात ती दहा दिवस कोथरूडला होती. आमच्या हॉलला जुनी मोझॅकची फरशी. एका पायात मोजा, दुसरा अनवाणी (एक पाय घसरायला, एक रेटायला), तांदळाच्या स्टीलच्या डब्याखाली दुमडलेला पंचा, आणि गुडघा जमिनीला लागेल इतकं खाली जाऊन तिने डबा असा सोडला की सोफ्यापासून निघाला तो देवघराच्या उंबऱ्याच्या वीतभर अलीकडे थांबला. "आजोबा, हा गार्ड. आता याच्यामागे दुसरा लपवायचा." दुसरा डबा डाळीचा होता. त्याचं काय झालं ते विचारू नका. खालच्या मजल्यावरचे वर आले होते.

आता मुद्दा. तीन हंगाम ती एका टीममध्ये 'थर्ड' होती. तिथे कप्तानाला स्किप म्हणतात, थर्ड म्हणजे तिच्या खालोखालची. मार्चअखेर स्किपचा फोन आला. चार मिनिटांचं बोलणं. "पुढच्या वर्षी आम्ही दुसरी मुलगी घेतोय." ही स्किप तिची शाळेपासूनची मैत्रीण. आठवडाभर पोर धड जेवली नाही. मग कॅल्गरीच्या एका टीमने विचारलं, पण 'लीड' म्हणून, म्हणजे सगळ्यात आधी दगड टाकणारी. कॅल्गरी तीनशे किलोमीटर. आपल्या भाषेत पुणे ते कोल्हापूर आणि वर आणखी सत्तर. इकडे इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. ज्युनिअर गट एकविसाच्या आतला, म्हणजे दोनच हंगाम उरलेत. मुलगा म्हणतो, बरं झालं, आपोआप सुटलं. सून गप्प. आमची ही म्हणते, खेळू दे. दोन्ही पक्षांनी मला विचारलंय आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही.

तर, लीड म्हणजे हुद्दा उतरवणं का? आणि या खेळात मुलीला पुढे काही आहे का? जाणकारांनी सांगावं.

गोटीबाज
६ एप्रिल, सकाळी ९:२०

पहिला!
झाडू मारण्यात करिअर असतं तर आमच्या सोसायटीच्या मावशी आज ऑलिम्पिकला असत्या.

सई_करकरीत
६ एप्रिल, सकाळी ९:४१

हा विनोद पहिल्या पाच प्रतिसादांत येणार अशी मी नवऱ्याशी पैज लावली होती. पहिल्यातच आला. एक मस्तानी जिंकले, आभारी आहे.

आजोबा, लिहिलंय झकास. डाळीच्या डब्याचं मात्र सांगाच.

मुकाट_वाचक
६ एप्रिल, सकाळी १०:०२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

उणे_तीस
६ एप्रिल, रात्री ११:०५

नमस्कार काका. मी चौदा वर्षं कॅल्गरीत आहे आणि सोमवारच्या लीगमध्ये खेळतो. खेळतो म्हणजे चार पोट सुटलेले पुरुष दगड सोडतात आणि मग जिंकलेले हरलेल्यांना बिअर पाजतात. हा शिष्टाचार आहे, मोडला तर लोक नाक मुरडतात. तरी जे ठाऊक आहे ते सांगतो.

टीममध्ये चौघी. प्रत्येकीचे दोन दगड, म्हणजे एका 'एंड'ला (फेरीला) आपले आठ, समोरच्यांचे आठ, आळीपाळीने. क्रम ठरलेला: लीड, सेकंड, थर्ड, स्किप. एंडचा शेवटचा दगड ज्यांच्याकडे त्यांच्याकडे 'हॅमर', आणि ते मोठं भांडवल. म्हणून कॅमेरा कायम स्किपवर. लीडचे दगड पडतात तेव्हा टीव्हीवर जाहिराती चालू असतात.

पण पुढचा सगळा डाव त्या पहिल्या दगडांवर उभा राहतो. २०१८ पासून नियम असा, की पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड खेळाबाहेर उडवता येत नाही. म्हणजे लीडने गार्ड चोख ठेवला तर तो टिकतो आणि स्किपला त्याच्यामागे लपायला जागा मिळते. हातभर पुढे गेला की फुकट. आपले दोन टाकून झाले म्हणून लीड मोकळी होत नाही. उरलेले सहाच्या सहा दगड घासायला तीच. आठ एंडची मॅच धरा, अठ्ठेचाळीस वेळा. दगड वीस किलोच्या आसपास, पट्टी पंचेचाळीस मीटर. घासलं की बर्फाचा वरचा थर किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कधी घासायचं आणि कधी हात आवरायचा यात सगळी अक्कल. दगड किती दमाचा आहे हे लांब वर्तुळात उभ्या स्किपला नीट दिसत नाही, दगडाबरोबर धावणाऱ्यांना कळतं. त्या आकडा ओरडून सांगतात.

तर हुद्दा? लेटरहेडवर उतरला, खेळात नाही.

फोनबद्दल. इथे निवड समिती बिमिती नसते. चौघी आपापसांत टीम बांधतात आणि आपापसांतच मोडतात. मार्च-एप्रिल म्हणजे बदल्यांचा मोसम, आणि ऑलिम्पिक होऊन गेलं की तर विचारू नका. २०१० मध्ये जेनिफर जोन्सच्या टीमने इथली राष्ट्रीय महिला स्पर्धा, स्कॉटीज, लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकली. जिंकल्यावर काही आठवड्यांत थर्ड कॅथी ओव्हरटन-क्लॅपमला काढलं. तिच्या जागी आणली केटलिन लॉज. ती ज्युनिअरला राष्ट्रीय विजेत्या टीमची स्किप होती, इथे येऊन थर्ड झाली. ती टीम २०१४ ला सोचीच्या ऑलिम्पिकमध्ये एकही मॅच न हरता सुवर्णपदक घेऊन आली. आणि कॅथी? पुढच्याच वर्षी स्वतःची टीम घेऊन स्कॉटीजला उतरली आणि जोन्सला एका सामन्यात हरवलं. त्या दिवशी माझ्या ऑफिसात काम झालं नाही म्हणतात, मी तेव्हा इथे नव्हतो.

जाता जाता: त्या सुवर्णपदकवाल्या टीमची लीड डॉन मॅकयुएन. आमच्या क्लबात चांगल्या लीडचा विषय निघाला की अजून तिचंच नाव निघतं.

सई_करकरीत
६ एप्रिल, रात्री ११:३०

दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

निवृत्त_रोखपाल
७ एप्रिल, सकाळी ८:१५

उणे_तीस, शतशः आभार. प्रिंट काढून हिला दिली, चष्मा लावून दोनदा वाचली. तिची एक शंका आहे. मॅचमध्ये त्या मुली सारख्या "हरी, हरी" का करतात?

उणे_तीस
७ एप्रिल, सकाळी ८:४०

काकूंना नमस्कार. 'हरी' म्हणजे घाई करा, 'हरी हार्ड' म्हणजे आणखी जोर लावून घासा.

निवृत्त_रोखपाल
७ एप्रिल, सकाळी ९:०१

सांगितलं. म्हणाली, असेना का, तोंडात नाव तर येतंय.

आणि मॅचच्या आधी एक माणूस पाठीवर टाकी घेऊन उलटा चालत बर्फावर पाणी शिंपडतो, त्याला ती 'सडा घालणारे' म्हणते.

यंत्रविशारद
७ एप्रिल, दुपारी १२:१०

त्या सड्यामुळेच खेळ होतो. थेंब गोठून बर्फावर बारीक पुरळ उठतं, दगडाच्या बुडाची फक्त एक अरुंद कडी त्या पुरळावर टेकते. सपाट बर्फावर दगड निम्म्या वाटेत बसेल.

आता गंमत. फुलपात्र उपडं करा, ओट्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गिरकी देऊन पुढे सरकवा. ते डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड तशाच गिरकीने उजवीकडे वळतो. का, यावर शास्त्रज्ञांत अजून जुंपलेली आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये मांडलं की दगडाची पुढची कड बर्फावर ओरखडे काढते आणि मागची कड त्या ओरखड्यांना धरून वळते. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

शेंगदाण्याची_चटणी
७ एप्रिल, दुपारी २:३५

आत्ता करून पाहिलं. डावीकडे वळलं. मग ओट्यावरून खाली पडलं. सासूबाईंची झोपमोड झाली. यंत्रविशारद, तुमचा पत्ता द्या, त्यांना बोलायचंय.

गोटीबाज
७ एप्रिल, दुपारी २:५०

पुण्यात दुपारी अडीचला फुलपात्र पाडणं हा दखलपात्र गुन्हा आहे.

गंभीर प्रश्न: दगड इथे बनवता येईल का? सह्याद्रीत पडलाय ढिगाने.

भूगर्भ
७ एप्रिल, रात्री ९:२०

गंभीर उत्तर: तुमच्या ट्रॅपने (सह्याद्रीच्या काळ्या दगडाने) नाही.

ऑलिम्पिकचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. बेट निर्मनुष्य, पक्ष्यांचं राज्य. एका मेलेल्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला तो खडक आहे, अतिशय बारीक कणांचा, पाणी जवळजवळ पीत नाही. दगडात पाणी शिरून गोठलं तर टवके उडतात, म्हणून ही निवड. आपला दख्खनचा बेसाल्टही ज्वालामुखीचाच आणि वयानेही फार लांबचा नाही: एल्सा क्रेग साधारण सहा कोटी वर्षं, आपला साडेसहा कोटीच्या आसपास. पण आपल्याकडच्या पुष्कळ थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि त्यात झिओलाइट नावाचे स्फटिक भरले. पुण्याच्या खाणींतले झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात. शोभेला उत्तम. एकमेकांवर आपटायला नाही.

हिशेबी_माणूस
७ एप्रिल, रात्री १०:१५

दगड, फुलपात्र, सडा झालं. काकांचा प्रश्न भवितव्याचा होता. मी वाईटपणा घेतो.

एकोणिसाव्या वर्षी टीमने काढलेली मुलगी. दर शनिवार-रविवारी सहाशे किलोमीटरची ये-जा, पेट्रोल, हॉटेल, प्रवेश फी, वर त्या झाडूची किंमत उणे_तीस सांगतीलच. आणि कशासाठी? जगातल्या सर्वोत्तम बायकांपैकीही कित्येकींचं या खेळावर पोट भरत नाही. ज्या खेळातली विजेती ऑलिम्पिक करून सोमवारी कामावर जाते तो खेळ छंद म्हणून छान. तिच्या वडिलांचं बरोबर आहे. शिवाय चार वर्षांत लग्नाचं बघायचं म्हटलं तर

हिशेबी_माणूस
७ एप्रिल, रात्री १०:१६

(अर्धवट गेला.) लग्नाचं बघायचं म्हटलं तर हे सगळं तसंही सुटतंच.

सई_करकरीत
७ एप्रिल, रात्री १०:२२

अर्धवट गेला होता तोच बरा होता.

कॅनडाची रेचल होमन २०२१ ची स्कॉटीज आठव्या महिन्यात खेळली. स्किप म्हणून, अंतिम फेरीपर्यंत. पुढे २०२४ आणि २०२५ ला जगज्जेती. सुटतंय कुठे?

आणि "सोमवारी कामावर जाते" हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, मला तर तोच खरा मुद्दा वाटतो. जेनिफर जोन्स वकील. अमेरिकेच्या टीममधल्या पीटरसन बहिणी, एक फार्मासिस्ट, दुसरी दाताची डॉक्टर. ब्रिटनची विकी राइट नर्स, कोविडच्या काळात वॉर्डात परत रुजू झाली आणि २०२२ ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक घेतलं. म्हणजे या मुलीला इंजिनिअरिंग सोडायचंच नाहीये. वाद कशावर चाललाय?

उणे_तीस
७ एप्रिल, रात्री ११:४८

चांगला झाडू दोनशे डॉलरच्या घरात, आणि घासायची गादी झिजते ती बदलावी लागते. हिशेबींचा खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पहिल्या फळीतल्या काही टीमना सरकारी मानधन, प्रायोजक मिळतात. तिथवर पोचेपर्यंत आईबाप आणि बेकसेल. हो, खरोखर केक विकतात.

पण काका, एडमंटनच्याच युनिव्हर्सिटी ऑफ अल्बर्टाची महिला कर्लिंग टीम आहे आणि विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा होते. ती तिथे शिकत असेल तर तेही विचारून बघा.

डावा_कोपरा
८ एप्रिल, सकाळी ६:५०

आम्ही कबड्डीवाले. सात वर्षं डावा कोपरा खेळलो. रेडर गुण आणतो, पेपरात फोटो त्याचा. कोपऱ्यावाला घोटा धरतो आणि मातीत तोंड घालून पडलेला असतो, फोटोत त्याची चड्डी येते. तरी टीम निवडताना आमचे वस्ताद आधी कोपरे ठरवायचे, मग रेडर.

एक विचारतो काका. पोरीला दगड सोडायला जास्त आवडतं का घासायला? लीड होणार तर हेच विचारायला पाहिजे.

बालेवाडीची_आई
८ एप्रिल, सकाळी ११:३०

लिहू की नको असं करत होते.

माझी मुलगी नऊ ते सोळा बॅडमिंटन खेळली. पहाटे पाचला स्कूटरवर बालेवाडी, थंडीत तिचे हात माझ्या स्वेटरच्या खिशात. राज्य पातळीवर दोनदा उपांत्यपूर्व. दहावीनंतर अकादमी बदलायची वेळ आली, जिथे होतो तिथे एका नव्या मुलीसाठी हिच्या कोर्टाच्या वेळा काढून घेतल्या, सांगितलंही नाही, फळ्यावर नुसतं नाव नव्हतं. आम्ही दोघांनी रात्री बसून हिशेब केला आणि ठरवलं, पुरे. ती काही बोलली नाही. आम्हाला वाटलं, समजूतदार आहे.

आता ती चोवीस वर्षांची, नोकरी उत्तम. रॅकेट कपाटावर. गेल्या दिवाळीत साफसफाईला काढली तर मुठीवरची पट्टी विरघळून चिकट झाली होती, बोटांना काळं लागलं. मी म्हटलं टाकून देऊ का. तिने माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा वर ठेवून दिली.

हिशेबी_माणूस, आमचा हिशेब बरोबरच होता, रुपयाला रुपया.

मुकाट_वाचक
८ एप्रिल, सकाळी ११:५५

पॉपकॉर्न ठेवले बाजूला.

गोटीबाज
८ एप्रिल, दुपारी १२:२०

वातावरण हलकं करायला अवांतर: बॅडमिंटनला एके काळी 'पूना' म्हणायचे. खो-खोचे नियम डेक्कन जिमखान्यावर बांधले. कर्लिंग तेवढं आपल्या हातून निसटलं. बर्फ मिळाला असता तर तेही पेठेतच झालं असतं.

पेठेतला_परका
८ एप्रिल, दुपारी १२:३३

बर्फ मिळतो. गोळ्यावर घालून मिळतो.

मध्यरात्रीचा_टीव्ही
८ एप्रिल, रात्री १०:४०

मी २०१८ चं प्योंगचांग ऑलिम्पिक काविळीने झोपून असताना पाहिलं, कर्लिंगची चटक तेव्हाची. कोरियाच्या पाचही मुली किम आडनावाच्या. त्यातल्या चौघी उइसाँग नावाच्या गावच्या, जे लसणासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे म्हणायचं तर जुन्नरच्या पोरी. गावात कर्लिंगचं सभागृह झालं म्हणून शाळेतल्या मैत्रिणी खेळायला लागल्या, एकीची बहीण आली, अशी टीम झाली. चष्मेवाली स्किप लीडच्या नावाने "यंग-मी!" ओरडायची आणि अख्ख्या कोरियात ते नाव झालं. लीडच्या नावाने, लक्षात घ्या काका! उपांत्य फेरीत जपानला जादा एंडमध्ये ८-७ हरवलं, अंतिम सामन्यात स्वीडनकडून ३-८ हरून रौप्य.

पुढचं कमी लोकांना माहीत आहे. त्याच वर्षअखेरीस त्या मुलींनी जाहीर तक्रार केली, की प्रशिक्षक शिवीगाळ करतात आणि बक्षिसाचे पैसे नीट मिळत नाहीत. सरकारी चौकशीत तथ्य निघालं. मुली फुटल्या नाहीत, २०२२ च्या ऑलिम्पिकला पुन्हा एकत्र उतरल्या.

आणि ब्रिटनची ईव्ह म्युरहेड. ज्युनिअर जगज्जेतेपद चार वेळा. २०१८ ला कांस्यपदकाच्या सामन्यात शेवटचा दगड तिच्या हातात, चुकला, पदक जपानला. चार वर्षांनी अंतिम सामन्यात त्याच जपानला १०-३. मधल्या काळात तिची टीमही मोडली, नऊ जणींच्या गटातून नव्याने बांधली. टीम मोडणं या खेळात रोगराई नाही, ऋतू आहे.

हिशेबी_माणूस
८ एप्रिल, रात्री ११:१०

एक म्युरहेड सांगता, पण अंगणात पडून राहिलेल्या शंभर जणी कोण सांगणार? आता कुणीतरी खाशाबा जाधव काढेल.

पेठेतला_परका
८ एप्रिल, रात्री ११:१४

खाशाबा जाधव! १९५२, हेलसिंकी! प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले!

हिशेबी_माणूस
८ एप्रिल, रात्री ११:१६

म्हटलं नव्हतं? आता काकांचा कोथरूडचा फ्लॅट गहाण टाकायला लावा.

डावा_कोपरा
९ एप्रिल, सकाळी ६:४०

हिशेबी, आपला स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं. नोकरी सांभाळून. फ्लॅट कशाला मध्ये आणता.

बाकी माझा प्रश्न तसाच राहिलाय.

निवृत्त_रोखपाल
१० एप्रिल, सकाळी ७:५५

काल फोन लावला. डावा_कोपरा, तुमचा प्रश्न शब्दशः विचारला: सोडायला आवडतं का घासायला?

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "आजोबा, हे मला कोणी विचारलंच नव्हतं." आणि मग जे सुरू झाली ते अर्धा तास. थोडक्यात असं. स्किप जेव्हा आपले दोन दगड सोडते, तेव्हा वर्तुळात झाडू धरून निशाण दाखवायला थर्ड उभी राहते. म्हणजे एंडचे शेवटचे दोन दगड, ज्यांवर सगळं ठरतं, ते थर्डला लांबून येताना बघावे लागतात. तीन वर्षं ती तिथे उभी राहून घसा फोडत होती, हात रिकामे. "लीड झाले तर शेवटच्या दगडाबरोबर मी असेन. तो माझ्या झाडूखाली असेल."

ती हे इंग्रजी-मराठीत मिसळून बोलली, मी मराठीत लिहिलंय.

मैत्रिणीचा राग आहेच. तो काही लीड झाल्याने जाणार नाही.

मुलाशी तह झाला आहे: एक हंगाम, एकही विषय राहता कामा नये, निम्मा खर्च तिने उन्हाळ्यात काम करून उचलायचा. उरलेल्यातला काही आम्ही. हिशेबी_माणूस, फ्लॅट शाबूत आहे, एक मुदतठेव मोडली. व्याजाचं नुकसान मी स्वतः काढून पाहिलं, चाळीस वर्षं तेच केलं.

हिशेबी_माणूस
१० एप्रिल, सकाळी ९:३०

एक हंगाम, विषय राहता कामा नये, निम्मा खर्च तिचा. या अटींवर माझी हरकत नाही. आधी सांगितलं असतंत तर एवढी भांडणं वाचली असती.

सई_करकरीत
१० एप्रिल, सकाळी ९:३४

तुमची हरकत नाही हे कळल्यावर एडमंटनमध्ये पेढे वाटतायत.

बालेवाडीची_आई
१० एप्रिल, सकाळी १०:१०

आजोबा, पुढे काय झालं ते कळवा. नक्की.

निवृत्त_रोखपाल
३० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

धागा वर काढतोय, क्षमस्व. बालेवाडीच्या ताईंना शब्द दिला होता.

आज चिऊची मॅच क्लबाच्या यूट्यूबवर दिसणार होती. तिथे दुपारी दोन म्हणजे आपल्याकडे पहाटे अडीच. ही दीडलाच उठली, चहा केला, शाल घेऊन लॅपटॉपसमोर. कॅमेरा एकच, छताला टांगलेला, माणसं वरून मुंग्यांसारखी. कोण कोणती ते कळेना. मग हिने ओळखलं: डोक्याला मरून लोकरीची पट्टी. तिनेच विणून पाठवलेली.

उणे_तीस, तुम्ही लिहिलं होतं तसंच. चिऊचे दगड पडले तेव्हा कोणी टाळीही वाजवली नाही. सोळांतले बारा गार्ड तरी जागेवर बसले असतील, मी कागदावर रेघा ओढत होतो. सातव्या एंडपर्यंत ५-५. शेवटच्या एंडला हॅमर आपल्याकडे. स्किपने दगड सोडला आणि पहिल्यापासून कमी पडणार असं दिसत होतं. चिऊ आणि सेकंड त्याच्यावर तुटून पडल्या. "हरी, हरी, हरी." हीसुद्धा म्हणत होती, शालीतून. पंचेचाळीस मीटर, मरून पट्टी वरखाली, वरखाली. दगड समोरच्यांच्या दगडाच्या वीतभर अलीकडे थांबला. ५-६.

चिऊ झाडूवर ओणवी होऊन तिथेच उभी राहिली. मग सगळ्यांनी एकमेकींशी हात मिळवले, समोरच्यांत तिची ती जुनी मैत्रीण होती. तिच्याशीही मिळवला. बोलल्या का ते वरून दिसलं नाही.

हिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "अंतर तेवढंच राहिलं गं, डब्याचं होतं तेवढंच."

डावा_कोपरा
३० नोव्हेंबर, सकाळी ८:४५

सोळांत बारा? पोरगी कोपरा आहे.

उणे_तीस
३० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

काका, तो क्लब माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. परवानगी असेल तर पुढच्या मॅचला बायकोसह जाऊन टाळ्या वाजवतो. लीडच्या दगडांना.

शेंगदाण्याची_चटणी
३० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

सगळं वाचलं, डोळे पुसले. पण डाळीच्या डब्याचं सहा महिने उलटले तरी सांगितलं नाहीत.

निवृत्त_रोखपाल
३० नोव्हेंबर, सकाळी १०:०५

तांदळाच्या डब्याला लागून उंबऱ्यावर आदळला. झाकण उडालं, दोन किलो तूरडाळ देवघरात. उंबऱ्याचा टवका गेलाय. गवंडी बोलावला होता, हिने परत पाठवला.

गोटीबाज
३० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

काका, पुढची मॅच कधी? गजर लावतो.

निवृत्त_रोखपाल
३० नोव्हेंबर, सकाळी १०:३२

येत्या रविवारी पहाटे साडेचार. लिंक व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. झाडूचे विनोद घरी ठेवून यावेत, ही शेजारी बसलेली असते.